स्थिर बोट आणि बदलता अर्थ : गिटारवरील कॉर्ड-बदलातील सामाईक स्वरांचा विचार

प्रास्ताविक

एका कॉर्डवरून दुसऱ्या कॉर्डवर जाणे ही गिटारशिक्षणातील पहिली खरी अडचण होय. 'कॉर्ड' म्हणजे एकत्र वाजणारा किमान तीन स्वरांचा समूह. असा समूह डाव्या हाताने धरणे नवशिक्याला थोड्या दिवसांत जमते. परंतु लय न मोडता एका समूहातून दुसऱ्यात जाणे त्याला दीर्घकाळ साधत नाही. यावर शिक्षक आणि शिक्षणपुस्तिका एक उपाय नेहमी सुचवितात : दोन कॉर्डमध्ये जो स्वर सामाईक असेल, त्यावरचे बोट उचलू नये. उपाय योग्यच आहे. तथापि तो बहुधा हाताच्या सोयीपुरता सांगितला जातो आणि त्यामुळे त्यातील सांगीतिक आशय दुर्लक्षित राहतो. सामाईक स्वर नेमका कशात सामाईक असतो, ध्वनीत, तारेवरील जागेत की बोटात. आणि तो टिकवून धरल्याने ऐकणाऱ्याच्या पदरी काय पडते, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी नित्याच्या काही कॉर्ड-जोड्या आणि तीन परिचित रचना आधाराला घेतल्या आहेत : एटॉर विला-लोबोस यांचा गिटारसाठीचा पहिला एट्यूड, आंतोनियो कार्लोस जोबिम व न्यूटन मेंडोन्सा यांचे 'सांबा दे उमा नोता सो' आणि ओएसिस या इंग्लिश वाद्यवृंदाचे 'वंडरवॉल'.

विवेचनाच्या सोयीसाठी काही संकेत येथेच नोंदवितो. गिटारची सर्वांत बारीक तार पहिली व सर्वांत जाड तार सहावी. प्रचलित जुळणीत पहिल्या तारेपासून सहाव्या तारेपर्यंत मोकळ्या तारांचे स्वर अनुक्रमे ई, बी, जी, डी, ए, ई असे असतात. 'फ्रेट'साठी सतारीच्या संदर्भात रूढ असलेला 'पडदा' हाच शब्द वापरला आहे. कॉर्डचा मूळ स्वर हा षड्ज मानून तिच्यातील इतर स्वरांची स्थाने सरगमच्या परिभाषेत सांगितली आहेत.

१. सिद्धान्ताची पूर्वपीठिका

सी मेजर या कॉर्डमध्ये सी, ई, जी हे स्वर आहेत. ए मायनरमध्ये ए, सी, ई. म्हणजे या दोहोंत सी आणि ई हे दोन स्वर सामाईक आहेत. सी मेजर व एफ मेजर (एफ, ए, सी) यांत एकच स्वर सामाईक आहे, तर सी मेजर व डी मायनर (डी, एफ, ए) यांत एकही नाही. एकाच सप्तकातील तीन-स्वरी कॉर्डच्या बाबतीत हा नियमच आहे : मूळ स्वरांत तिसऱ्याचे अंतर असेल तर दोन स्वर सामाईक, चौथ्याचे वा पाचव्याचे असेल तर एक, आणि लगतचे दोन मूळ स्वर असतील तर एकही नाही. कोणता कॉर्ड-बदल कानाला जवळचा वाटेल आणि कोणता दूरचा, याचे एक मोजमाप या साध्या गणनेतून हाती येते.

या जवळिकीचे आकर्षण संगीतज्ञांइतकेच गणितज्ञांनाही वाटले आहे. लेओनहार्ड ऑयलर यांनी १७३९ च्या आपल्या संगीतविषयक ग्रंथात स्वरांची एक जाळीसारखी रचना मांडली. एकोणिसाव्या शतकात ह्यूगो रीमान आदी जर्मन अभ्यासकांनी तिचा विस्तार केला. या जाळीत प्रत्येक तीन-स्वरी कॉर्ड हा एक त्रिकोण असतो. दोन त्रिकोणांची एक बाजू समान असेल, तर त्या दोन कॉर्डमध्ये दोन स्वर सामाईक असतात. वादनाच्या व रचनेच्या अंगाने हाच विचार आर्नोल्ड शॉनबर्ग यांच्या १९११ च्या हार्मनीविषयक ग्रंथात येतो. आंतोन ब्रुकनर यांच्या नावाचा उल्लेख करून शॉनबर्ग तेथे 'सर्वांत जवळच्या वाटेचा नियम' सांगतात : सामाईक स्वर त्याच गायनपंक्तीत राहू द्यावा आणि उरलेल्या स्वरांनी शक्य तितके कमी अंतर चालावे.

हा नियम मुळात समूहगानातून आलेला आहे, हे ध्यानात घेणे अगत्याचे ठरते. चार गायक चार पंक्ती गात असतील, तर सामाईक स्वर टिकविणे म्हणजे त्यांपैकी एकाने आपला स्वर धरून ठेवणे. तेथे स्वर, त्याची जागा आणि तो गाणारी व्यक्ती ही तिन्ही एकच असतात. गिटारवर मात्र ही एकजूट आपोआप घडत नाही. नियम तसाच्या तसा उचलून गिटारच्या विद्यार्थ्याला सांगितला की घोटाळा सुरू होतो तो येथे.

२. साम्याचे तीन प्रकार

पियानोवर एक स्वर एकाच पट्टीवर मिळतो. गिटारवर तो अनेक ठिकाणी मिळतो. मोकळ्या पहिल्या तारेचा ई हाच स्वर दुसऱ्या तारेच्या पाचव्या, तिसऱ्या तारेच्या नवव्या आणि चौथ्या तारेच्या चौदाव्या पडद्यावरही वाजतो. शिवाय एकाच जागी वेगवेगळी बोटे येऊ शकतात. म्हणून गिटारवरील साम्याचे तीन प्रकार वेगळे ओळखावे लागतात : स्वरसाम्य, स्थानसाम्य आणि अंगुलीसाम्य.

तिन्ही साम्ये जुळून येण्याचे उत्तम उदाहरण म्हणजे सी मेजरवरून ए मायनरवर जाणे. सी मेजरमध्ये तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या पडद्यावर (सी), मध्यमा चौथ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर (ई) आणि अनामिका पाचव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर (सी) असते. ए मायनरसाठी तर्जनी व मध्यमा जागच्या जागी राहतात. केवळ अनामिका तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर (ए) जाते. वर मोकळी पहिली तारही ई हा सामाईक स्वरच देत असते. ए मायनरचा खालचा ए मोकळ्या पाचव्या तारेवर मिळत असल्याने उजव्या हाताचा वरून खाली येणारा आघात त्या तारेपासून सुरू होतो, आणि तो तिसऱ्या तारेपर्यंत पोहोचेतो अनामिकेला क्षणभर सवड मिळते.

आता ए मायनरवरून एफ मेजर सेव्हन्थवर जाऊ. या कॉर्डचा सोपा आकार चौथ्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर एफ, तिसऱ्या तारेच्या दुसऱ्यावर ए, दुसऱ्या तारेच्या पहिल्यावर सी आणि मोकळी पहिली तार असा आहे. सी हा स्वर तर्जनीखाली कायम राहतो. तिसऱ्या तारेवरचा ए सुद्धा त्याच जागी कायम आहे. पण ए मायनरमध्ये तो अनामिकेखाली होता, येथे तो मध्यमेखाली यावा लागतो, कारण अनामिका एफ धरण्यासाठी हवी असते. स्वर तोच, स्थान तेच, बोट मात्र वेगळे. 'सामाईक स्वरावरचे बोट उचलू नये' हा नियम येथे अक्षरशः पाळताच येत नाही. ए मायनरवरून ई मेजरवर जातानाही असेच होते. तीन बोटांची आकृती जशीच्या तशी एक तार वर, जाड तारांकडे, सरकते. चौथ्या तारेवरचा ई सामाईक असतो, परंतु तो मध्यमेकडून अनामिकेकडे जातो.

याच्या उलट टोकाला बार कॉर्ड आहेत. तर्जनीने सहाही तारा दाबून धरलेला एफ मेजर दोन पडदे पुढे सरकविला की जी मेजर होतो. बोटांची आकृती तसूभरही बदलत नाही. हाताला हा बदल सर्वांत सोपा. पण एफ, ए, सी आणि जी, बी, डी यांत एकही स्वर सामाईक नाही. हात सलग राहतो आणि ध्वनी उडी मारतो. ही उडी दोषास्पद आहे असे नव्हे. अनेक रॉक रचनांचा जोम तिच्यातच आहे. तथापि हाताची सुलभता आणि ध्वनीची सलगता या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढे या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

या भेदाला वाद्याच्या घडणीचाही आधार आहे. गिटारचा स्वर छेडल्याक्षणापासून क्षीण होत जातो आणि बोट उचलताच त्या तारेचा तो नाद तुटतो. बोटे उचलल्यावरही स्वर लांबविणारे पियानोच्या पेडलसारखे साधन साध्या गिटारला नाही. सगळी बोटे एकदम उचलली तर दोन कॉर्डच्या मध्ये एक पोकळी पडते, किंवा मोकळ्या तारांचा अनपेक्षित गलका ऐकू येतो. एक-दोन तारा जरी दाबलेल्या राहिल्या, तरी त्यांचा नाद ही पोकळी भरून काढतो. तेव्हा ज्याला आपण 'सफाईदार' बदल म्हणतो, तो बोटांच्या वेगापेक्षाही या न तुटलेल्या नादावर अधिक अवलंबून असतो. वेगाने पण सर्व बोटे उचलून केलेला बदल अचूक असूनही कोरडा वाटतो, याचे कारण हेच.

छापील कॉर्ड-चित्रांची मर्यादाही येथेच लक्षात येते. सहा उभ्या रेषा, काही आडव्या रेषा आणि ठिपके अशी ही चित्रे प्रत्येक कॉर्डला एक स्वतंत्र, पूर्ण आकृती म्हणून दाखवितात. ठिपका कोठून आला आणि कोठे जाणार, हे चित्र सांगत नाही. फर्नांदो सॉर यांनी १८३० साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध केलेल्या गिटारपद्धतीत बोटांची मांडणी तिसऱ्या व सहाव्या अंतरांच्या, म्हणजेच हार्मनीच्या, जाणिवेवर उभी केली होती. कॉर्ड-चित्रावर वाढलेल्या विद्यार्थ्याला ती जाणीव वेगळी कमवावी लागते.

३. टिकलेल्या स्वराचे बदलते स्थान

सामाईक स्वराची आपल्याकडील श्रोत्याला सर्वप्रथम आठवण होते ती तंबोऱ्याशी नाते लावून. खाली एक स्वर अखंड वाजतो आहे आणि वर इतर स्वर ये-जा करीत आहेत, हे चित्र ओळखीचे आहे. ही तुलना उपयुक्त असली तरी अर्धीच खरी आहे. तंबोऱ्याचा षड्ज आपले स्थान कधीच बदलत नाही; रागातील प्रत्येक स्वराचा अर्थ त्याच्या संदर्भात ठरतो. कॉर्ड-बदलात नेमके उलट घडते. टिकून राहिलेला स्वर ध्वनी म्हणून तोच असतो. त्याच्याभोवतीचा आधार बदलल्याने त्याचे स्थान बदलते. सी हा स्वर सी मेजरमध्ये षड्ज आहे. ए मायनर येताच तो कोमल गंधार होतो. एफ मेजरमध्ये तोच पंचम ठरतो. आपल्या परिभाषेत या अनुभवाचे जवळचे नाते तंबोऱ्यापेक्षा मूर्च्छनेशी आहे : स्वर तेच, षड्ज हलविला की सगळ्यांचे रूप पालटते. फरक एवढाच की, येथे षड्जाचे हे स्थलांतर दर एक-दोन मात्रावर्तनांत होत राहते.

या तत्त्वाचे सर्वांत उघड, जवळजवळ विनोदी म्हणावे असे उदाहरण म्हणजे 'सांबा दे उमा नोता सो', अर्थात 'एका स्वराचा सांबा'. जुआंव जिल्बेर्तो यांनी ते १९६० च्या आपल्या ध्वनिमुद्रिकेत गायिले आणि बोसा नोव्हा या ब्राझिलियन शैलीची ओळख ठरलेल्या रचनांत ते गणले जाते. गीताच्या पहिल्या भागात गळा एकच स्वर धरून बसतो आणि गिटारच्या कॉर्ड त्याच्याखालून सरकत राहतात. बी फ्लॅट मेजरमधील प्रचलित स्वरलेखन पाहिले, तर गायनाचा तो स्वर एफ आहे आणि खालच्या कॉर्डचे मूळ स्वर डी, डी फ्लॅट, सी, बी असे अर्ध्या-अर्ध्या स्वराने उतरतात. या उतरणीत एफचे स्थान क्रमाने पाहावे : डी मायनर सेव्हन्थवर तो कोमल गंधार आहे, डी फ्लॅट सेव्हन्थवर शुद्ध गंधार, सी मायनर सेव्हन्थवर शुद्ध मध्यम, आणि बी सेव्हन्थच्या पंचम उतरविलेल्या रूपावर तीव्र मध्यम. गळा जागचा हलत नाही आणि तरीही तो स्वर चार पायऱ्या चढून गेल्याचा भास होतो. येथे सामाईक स्वर ही सोय नाही, तर रचनेचा विषयच आहे. हा स्वर गायक धरीत असल्याने वादकाच्या बोटांनी कोठे थांबावे हा प्रश्न दुय्यम ठरतो, ही बाबही सूचक आहे. स्वरसाम्याची प्रतीती बोटांवाचूनही होऊ शकते.

४. आधारस्वर आणि सामाईक स्वर

विला-लोबोस यांचे बारा एट्यूड १९२० च्या दशकात रचले गेले, आंद्रेस सेगोव्हिया यांना अर्पण करण्यात आले आणि १९५३ साली पॅरिसमध्ये प्रकाशित झाले. त्यांतील पहिल्या एट्यूडमध्ये उजव्या हाताचा एकच आकृतिबंध अखंड चालू राहतो. रचनेच्या मधल्या भागात डाव्या हाताची डिमिनिश्ड सेव्हन्थची एक आकृती मधल्या चार तारांवर बसविलेली असते आणि ती एकेक पडदा खाली सरकत जाते. पहिली व सहावी तार मोकळीच वाजत राहते. वर ई, खाली ई, आणि मध्ये उतरणारा समूह.

अंगुलीसाम्याच्या दृष्टीने पाहिले तर येथे आकृती कायम आहे, पण एकही दाबलेला स्वर टिकत नाही. टिकतो तो मोकळ्या तारांचा ई, ज्यावर बोटच नाही. डिमिनिश्ड सेव्हन्थ कॉर्ड ध्वनिदृष्ट्या एकूण तीनच आहेत, आणि कोणताही एक स्वर त्यांपैकी एकाच कॉर्डचा घटक असू शकतो. त्यामुळे आकृती उतरत असताना दर तिसऱ्या पायरीवर ई हा त्या समूहाचा स्वतःचा स्वर होतो आणि मधल्या दोन पायऱ्यांवर तो परका असतो. आपलेपणा आणि परकेपणा यांची ही आळीपाळी त्या उतरणीला एक आंतरिक लय देते. जोबिम यांच्या गीतात टिकलेला स्वर प्रत्येक कॉर्डच्या स्वाधीन होऊन नवे रूप घेतो. येथे ई आपले स्थान सोडीत नाही, उलट सरकणारे समूहच त्याच्याशी मोजले जातात. तंबोऱ्याची उपमा खऱ्या अर्थाने लागू पडते ती या जागी. 'टिकलेला स्वर' या एका शब्दप्रयोगाखाली आधारस्वर आणि सामाईक स्वर अशा दोन निराळ्या गोष्टी आपण एकत्र करतो, त्या समीक्षेने वेगळ्या ठेवावयास हव्यात.

५. सोयीचे मोल

१९९५ सालच्या 'वंडरवॉल' या गीताची गिटारपंक्ती नवशिक्यांच्या हातात फार लवकर येते, आणि त्याला कारण आहे. दुसऱ्या पडद्यावर कॅपो लावून वाजविल्या जाणाऱ्या या गीतात अनामिका दुसऱ्या तारेच्या आणि करंगळी पहिल्या तारेच्या, कॅपोपासून तिसऱ्या, पडद्यावर रोवलेली राहते. कॉर्डच्या आकारांची नावे धरून बोलायचे तर हे स्वर डी आणि जी. ई मायनर सेव्हन्थ, जी मेजर, डी सस्पेंडेड फोर आणि ए सेव्हन्थ सस्पेंडेड फोर या चारही कॉर्ड उरलेल्या दोन बोटांनी तयार होतात. या क्रमात वरचा जी अनुक्रमे कोमल गंधार, षड्ज, मध्यम आणि कोमल निषाद होतो. डी हा कोमल निषाद, पंचम, षड्ज आणि मध्यम होतो. पुढे ध्रुवपदात सी ॲड-नाइन येतो, तेव्हा जी पंचम आणि डी ऋषभ होतो. दोन बोटे न हलविता एवढी रूपे मिळतात.

मात्र याची किंमतही मोजलेली आहे. डी मेजरचा गंधार एफ शार्प आणि ए मेजरचा गंधार सी शार्प. या दोन्ही कॉर्डमधून तो गंधार वगळलेला आहे आणि त्याची जागा टिकवून धरलेल्या मध्यमाने घेतली आहे. कॉर्ड मेजर की मायनर हे गंधारच ठरवितो. तो काढून घेतल्याने कॉर्ड अनिर्णित राहते. 'वंडरवॉल'मध्ये हा अनिर्णय गीताच्या संदिग्ध, मनात घुटमळणाऱ्या भावाशी जुळतो, म्हणून तो गुण ठरतो. पण हीच युक्ती सवय बनली आणि प्रत्येक गीतातील सी मेजर हा सी ॲड-नाइन, डी मेजर हा डी सस्पेंडेड फोर होऊ लागला, तर वरच्या दोन तारांचा एकच गुणगुणता पडदा सगळ्या गीतांवर पसरतो. तेव्हा हार्मनीचा निर्णय कानाने घेतलेला नसतो. तो करंगळीच्या आळसाने घेतलेला असतो.

या संदर्भात जी सेव्हन्थवरून सी मेजरवर जाण्याचे उदाहरण निर्णायक ठरावे. दोहोंत जी हा एकच स्वर सामाईक आहे आणि तो मोकळ्या तिसऱ्या तारेवर आयताच मिळतो. पण या बदलाचा सगळा जोर हलणाऱ्या स्वरांत आहे : एफ अर्ध्या स्वराने उतरून ई होतो, बी अर्ध्या स्वराने चढून सी होतो. जी सेव्हन्थच्या नेहमीच्या आकारात तर्जनी पहिल्या तारेच्या पहिल्या पडद्यावर एफ धरते. ती उचलून दुसऱ्या तारेच्या पहिल्या पडद्यावर यावी लागते. एफ चुकून टिकून राहिला, तर समेवर येण्याचा तो विसावा मिळतच नाही. अशा जागी बोट योग्य क्षणी उचलणे हेच कौशल्य असते. टिकलेल्या जीमुळे एफ आणि बी यांची हालचाल उठून दिसते. जी हे त्या हालचालीचे मोजमाप आहे, तिचा पर्याय नव्हे.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, सामाईक स्वराचे तत्त्व हे बोटांच्या श्रमबचतीचे तंत्र म्हणून शिकविणे अपुरे आहे. गिटारवर स्वर, स्थान आणि बोट ही तीन साम्ये कधी एकत्र येतात, कधी फारकत घेतात. सी मेजर व ए मायनर यांत ती एकवटतात, ए मायनर व एफ मेजर सेव्हन्थ यांत बोट वेगळे होते, बार कॉर्डमध्ये स्वर उरतच नाही, आणि विला-लोबोस यांच्या एट्यूडमध्ये स्वर उरतो पण त्यावर बोट नसते. विद्यार्थ्याला या चारही अवस्था कानाने ओळखता आल्या, तर कोठे बोट धरून ठेवावे याबरोबरच कोठे ते सोडावे हेही त्याला कळेल.

आपल्या विद्यार्थ्यांजवळ यासाठी एक तयार साधन आहे, ते म्हणजे सरगम. दोन कॉर्ड आलटून पालटून वाजवीत असताना टिकलेला स्वर गळ्याने धरावा आणि प्रत्येक कॉर्डवर तो कोणता स्वर झाला हे नाव घेऊन म्हणावे : सी मेजरवर 'सा', ए मायनरवर 'कोमल ग', एफ मेजरवर 'प'. या सरावाला वेगळे साहित्य लागत नाही की पुस्तक लागत नाही. चित्रातील ठिपक्यांना अशा रीतीने कान फुटले, म्हणजे कॉर्ड-बदलातील सफाई ही हाताची शिस्त न राहता संगीताच्या आकलनाचा भाग होईल.